एका ओळीचा रिपोर्ट

आमच्या साहेबांचं एक ठाम मत आहे. क्लायंटला आकडे आवडत नाहीत, क्लायंटला बरं वाटायला आवडतं. म्हणून आमच्या ऑफिसचा रिपोर्ट एका ओळीचा. वेबसाइटवर किती माणसं आली, सगळ्यात जास्त कुठल्या गावातून आली, किती वेळ थांबली. संपलं. बाकी सगळी गावं ‘इतर’मध्ये कोंबायची, आणि ते ‘इतर’ही क्लायंटला दाखवायचं नाही, उगाच चार प्रश्न विचारतो. टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत, खालून येणारा रबराचा वास नाकात घेत, आम्ही सहा जणं दिवसभर लोकांच्या वेबसाइटची नाडी बघत बसतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगतो, तब्येत ठणठणीत आहे.

गेल्या वर्षी साहेबांनी नवीन टूल घेतलं आणि जोडणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. काम म्हणजे पोरखेळ. प्रत्येक वेबसाइटवर कोण आलं-गेलं याची नोंद ठेवणारा एक कोड असतो. ती नोंद या टूलला जोडून द्यायची. परवानगी द्या, टिचकी मारा, पुढे चला. मग रोज सकाळी क्लायंटच्या मेलमध्ये रिपोर्ट आपोआप जाऊन पडतो. त्याच्यावर वेबसाइटचा त्या सकाळचा फोटोही असतो, अगदी ताजा. साहेब त्या फोटोवरच भाळले होते. तो फोटो कोण काढतं, कुठे बसून काढतं, हे विचारायचं ना त्यांना सुचलं ना मला.

ताईची वेबसाइट मी जोडली ती ऑफिसचं काम म्हणून नाही. ताई माझी सख्खी मोठी बहीण, एका मजल्याचं अंतर, ती खाली मी वर. ती पडदे शिवते. दुकानांचे, दवाखान्यांचे, घरांचे. तिची वेबसाइट तिच्या मुलाने, आमच्या भुंग्याने बनवली होती. लहानपणी शिलाई मशीनभोवती गुणगुणत फिरायचा म्हणून भुंगा, ते नाव विसाव्या वर्षीही सुटलं नाही. त्याने ताईला एक कोपरा करून दिला होता, ‘आजचं काम’. त्यात तिने रोज शिवलेल्या पडद्याचा फोटो टाकायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. ताईला फोनवर मेसेज पाठवताना घाम फुटतो, पण हे तिला जमायला लागलं, कारण त्याने बटण मोठं ठेवलं होतं.

हा वेबसाइटचा नादच घराला भोवला. भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक. मुलानेही लिफ्ट शिकावी म्हणून त्यांनी त्याला कोर्सला घातलं होतं, आणि भुंग्याने तो कोर्स गुपचूप सोडून लोकांच्या वेबसाइट करायला घेतल्या. भाऊजींना कळलं ते बाहेरून. मग जिन्यात जुंपली. आरडाओरडा मी वरून ऐकला, खाली धावले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाऊजींनी हात उचलला, पोराने त्यांना ढकललं, आणि ते पायऱ्यांवरून खाली गेले. खुबा मोडला, डोकं फुटलं. रक्त बघून भुंग्याची पाचावर धारण बसली. तो अनवाणीच पळाला. फोनसुद्धा घरीच राहिला.

भाऊजींनी हॉस्पिटलच्या पलंगावरून पोलिसांत तक्रार दिली. राग हो, दुसरं काय. पोलीस घरी आले, भुंग्याच्या मित्राकडेही गेले, म्हणजे त्याच्या कानावर ते गेलंच असणार. पुढे राग उतरला तसं भाऊजींनी काठी टेकत जाऊन तक्रार मागे घेतली. ते मात्र त्याच्या कानावर कोण घालणार? वेबसाइटवर लिहू का, असं ताईने विचारलं, तर भाऊजी म्हणाले, तिथे गिऱ्हाइकं वाचतात, घराची अब्रू वेशीला टांगू नकोस. म्हणून ताई पडद्यांच्या आडून लिहायची. ‘आज दवाखान्याचे निळे पडदे झाले. घरी सगळे ठीक.’ असं चार महिने तिने लिहिलं. कोणासाठी लिहितेय ते गिऱ्हाइकांना काय कळणार.

एक दिवस ती वर आली आणि माझ्या दारात उभी राहून म्हणाली, तुझ्या ऑफिसात कळतं ना, कोण बघतं ते? मी म्हटलं, कोण ते नाही कळत ताई, कुठून बघतं तेवढं कळतं. ती म्हणाली, तेवढं पुरे. मी तिथल्या तिथे तिची वेबसाइट आमच्या टूलला जोडून दिली. साहेबांना विचारलंही नाही. त्यांना शंभर क्लायंट होते, एकशे एकावा कोण मोजतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या मेलमध्ये रिपोर्ट आला. वर तिच्या निळ्या पडद्यांचा फोटो, खाली एक ओळ. सगळ्यात जास्त भेटी, बंदराच्या शहरातून. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. रोज सकाळी त्या लांबच्या शहरातून कोणीतरी ताईचं पान उघडत होतं, थोडंसं थांबत होतं आणि जात होतं. त्या शहरात आमचं काळं कुत्रं ओळखीचं नाही. तिथून पडदे शिवून घ्यायला कोण येणार? ताई फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, “रोज तेवढाच वेळ थांबतो बघ. कामावर जायच्या आधी बघत असेल.”

रोज तेवढाच वेळ. सेकंदाचाही फरक नाही. माझ्यासारख्या बाईने, जिचं सगळं आयुष्य या आकड्यांत गेलं, तिथेच कान टवकारायला हवे होते. माणूस रोज तेवढाच वेळ थांबत नसतो. पण ताईचा चेहरा इतक्या महिन्यांनी उघडला होता, आणि खरं सांगते, मलाही तो भुंगाच हवा होता. मी तिला मिठी मारली आणि दोघी रडलो.

मग ताईचं लिहिणं बदललं. पडदा नावापुरता राहिला. ‘हे पिवळे पडदे शाळेचे. तू जेवतोस ना वेळेवर?’ ‘थंडी पडलीय, तुझा स्वेटर इथेच राहिला.’ ‘तुझ्या कंप्युटरवर धूळ बसू देत नाही मी.’ गिऱ्हाइकं काय म्हणतील, हे आता तिच्या गावीही नव्हतं. भाऊजी काही बोलायचे नाहीत. पण रिपोर्ट यायच्या वेळी ते काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे, पाणी प्यायला आल्यासारखे. ताई न विचारताच सांगायची, “आला होता.” मग ते पाणी न पिताच परत जायचे.

असे दोन महिने गेले. तो येत होता, पण फोन करत नव्हता, चार अक्षरं लिहीत नव्हता. ताईचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तिने ठरवलं की आपणच जायचं. त्या दिवशी तिने ‘आजचं काम’मध्ये पडद्याचा फोटो टाकलाच नाही. लिहिलं, ‘तू कुठे आहेस ते मला कळलंय. तू रोज इथे येतोस ते मला दिसतं. मी तिकडे येतेय. स्टँडवरच्या मोठ्या घड्याळाखाली रोज संध्याकाळी उभी राहीन, तू येईपर्यंत.’ गिऱ्हाईक वाचेल म्हणून शहराचं नाव तेवढं तिने टाळलं. मजकूर मला दाखवला. मी म्हटलं, छान आहे, टाक. तिची बॅगही मीच भरली, भुंग्याचा स्वेटर सगळ्यात वर ठेवून.

ती गेली, आणि त्याच आठवड्यात ऑफिसात एका क्लायंटचा फोन आला. पाण्याच्या टाक्या धुऊन देणारा माणूस, तोंडाने फटकळ. गावाला जायचं म्हणून त्याने जाहिराती बंद ठेवल्या होत्या, वेबसाइटवर चिटपाखरू फिरकत नव्हतं. तो म्हणाला, बाई, तुमचा रिपोर्ट म्हणतोय की सगळ्यात जास्त लोक बंदराच्या शहरातून येतात. आता तिथल्या टाक्या मी इथून धुवायच्या का? मी हसले. हसता हसता ते शहराचं नाव माझ्या ध्यानात आलं.

मी त्याची नोंद उघडली. बंदराचं शहर, रोज सकाळी, रोज तेवढाच वेळ. मग गादीवाल्याची उघडली. दातांच्या डॉक्टरची उघडली. सगळीकडे ते शहर होतं. त्यांच्याकडे रोज शेकड्यांनी माणसं येतात, त्यात ही एक भेट तळाशी पडलेली, कोणाच्या खिजगणतीत नाही. टूलवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की रिपोर्टवरचा फोटो काढायला त्यांचा कंप्युटर रोज सकाळी प्रत्येक वेबसाइट उघडतो, आणि तो कंप्युटर बंदराच्या शहरात ठेवलेला आहे. आमच्या भेटी मोजायच्या नसतील तर फिल्टर लावायचा असतो मॅडम, जोडताना एक खूण करायची असते, म्हणाली.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. साहेब आत आले, काय झालं म्हणाले. मी सांगितलं. ते म्हणाले, हात्तिच्या, एक-एक भेट जास्त दिसली तर क्लायंटचं काय बिघडतंय, उलट बरंच. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला पेन मी टेबलावर मोडला. माझी बहीण परक्या शहरात घड्याळाखाली उभी आहे साहेब, असं मी म्हटलं. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग मी ताईची नोंद उघडली. एका ओळीचा रिपोर्ट नव्हे, सगळी नोंद, जी मी इतक्या दिवसांत एकदाही उघडली नव्हती. दुसऱ्यांसाठी जे काम करायची सवय, तेच मी सख्ख्या बहिणीसाठी केलं होतं. पहिली ओळ त्या मेल्या मशीनची. तिच्याखाली ‘इतर’. ‘इतर’ उघडलं तर आत चार-दोन फुटकळ गावं होती, आणि एक सिमेंटच्या कारखान्याचं गाव होतं, बंदराच्या अगदी उलट्या दिशेला.

तिथून येणारं माणूस रोज येत नव्हतं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. फोनवरून. कधी संध्याकाळी, कधी भरदुपारी. कधी पटकन जायचं, कधी बराच वेळ थांबायचं. स्वेटरचं लिहिलं त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा आलं होतं. पण एकच फोन दिवसभरात कितीदाही आला तरी रिपोर्ट एकच भेट धरतो, आणि बरोबरी झाली तर सकाळी आधी आलेलं गाव वर ठेवतो. वाचायचं, जायचं, परत यायचं. माणूस असाच येतो. आणि ताईने ‘तू रोज इथे येतोस ते मला दिसतं’ असं लिहिलं, त्या संध्याकाळी ते आलं, जेमतेम त्या चार ओळी वाचून होतील एवढंच थांबलं, आणि गेलं. त्यानंतर पुन्हा कधीच नाही.

हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. ताईला मी एवढंच सांगितलं की घोळ झालाय, तू परत ये. भाऊजींना मात्र खाली जाऊन सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं, भुंग्याचा फोटो खिशात टाकला, आणि मोडक्या खुब्यावर काठी टेकत एकटेच निघाले. मी येते म्हटलं तर म्हणाले, तू ताईजवळ थांब.

ताई परतली ती पार उतरलेली. घड्याळाखाली उभं राहून पाय सुजले होते. स्वेटर बॅगेत तसाच. मी तिला आधी मशीनचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बराच वेळ शिलाईच्या टेबलाची कड हाताने पुसत राहिली, आणि म्हणाली, म्हणजे मी दोन महिने एका कंप्युटरला विचारत होते, जेवलास का म्हणून. आणि हसली. ते हसू मी जन्मात विसरणार नाही. दुसऱ्या गावाचं सांगायला माझी जीभ रेटेना, तेवढ्यात भाऊजीच दारात आले.

ते एकटेच आले होते. खुर्चीत बसले, काठी भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, ती उचललीही नाही. मग हळूहळू सांगू लागले. सिमेंटच्या गावात कामगारांच्या खोल्या आहेत, एकात चार-चार जण. फोटो दाखवल्यावर लगेच ओळखलं लोकांनी. पोरगा पोती भरायच्या खात्यात होता. निर्व्यसनी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आठवड्यापूर्वी कपडे उचलून निघून गेला, कुठे ते कोणालाच ठाऊक नाही.

“त्याच्या शेजारी झोपणारा एक जण भेटला,” भाऊजी म्हणाले. “जायच्या आदल्या संध्याकाळी आपल्या पोराने त्याला विचारलं होतं, आपण फोनवर एखादं पान उघडलं, तर आपलं गाव कळतं ते मला ठाऊक आहे, पण नेमकी खोली कळते का. पोलिसांना कळतं का. तो म्हणाला, मला काय माहीत बाबा.”

ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. मला सगळं सांगावं लागलं, ‘इतर’चं, स्वेटरच्या दिवसाचं, त्या शेवटच्या संध्याकाळचं. सांगताना मी मशीनला शिव्या दिल्या, टूलला दिल्या, साहेबांना दिल्या, स्वतःला दिल्या. ताईने यातल्या कोणालाच शिव्या दिल्या नाहीत.

“मी दिसतंय म्हणाले,” ती म्हणाली. “म्हणून तो गेला.”

भाऊजी म्हणाले, माझ्या तक्रारीमुळे गेला. मग ती दोघं एकमेकांचं ओझं आपल्या अंगावर ओढत बसली, आणि मला तिथे बसवेना. मी उठून खिडकीशी गेले. ताईनेच थोड्या वेळाने हाक मारली. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ते दिसतं म्हणून लिहिलेलं आधी काढ. मी काढलं. मग भाऊजी म्हणाले, आता मी सांगतो ते लिही. अब्रूचं मी बघून घेईन. त्यांनी एकेक वाक्य सांगितलं आणि ताईने तिच्या मोठ्या बटणाच्या कोपऱ्यात ते स्वतः टाइप केलं. ‘तक्रार मी केव्हाच मागे घेतली. पोलीस तुला शोधत नाहीत. पाय बरा आहे.’ पाय बरा नाही. तो आता बरा होणारही नाही. पण ते वाक्य मी तसंच राहू दिलं.

त्याच्याखाली ताईने आपली ओळ घातली. ‘इथे कोण येतं ते आता आम्हाला दिसत नाही.’ ती ओळ वाचून ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

“हे खरं असायला हवं,” ती म्हणाली. “त्याच्याशी आता खोटं नको. ते तुझं मोजायचं काढून टाक.”

मी तिला समजावलं. म्हटलं, फिल्टर लावते, मशीन वगळते, फक्त त्याच्यासारखं कोणी आलं तर मला गुपचूप दिसेल एवढं ठेवते, त्याला कसं कळणार? ती नाही म्हणाली. मी म्हटलं, “ताई, कोड काढला की तो आला तरी आपल्याला कळणार नाही. कधीच नाही.”

“त्याला कळेल ना,” ताई म्हणाली.

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी खाली पडलेली काठी उचलली, मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, तिने सांगितलंय तसं कर. मी भुंग्याने बांधलेल्या त्या पानाच्या पोटात शिरले, मोजणारा कोड शोधला आणि काढून टाकला. काहीच आवाज होत नाही त्याला. एवढं होऊन गेलं तरी ताई बघत राहिली, म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं.

टूल मात्र मी बंद करायचं विसरले, आणि नंतर ताईनेच करू दिलं नाही. म्हणून बंदराच्या शहरातलं ते मशीन अजूनही रोज सकाळी येतं, ताईच्या पानाचा फोटो काढतं आणि मेल पाठवतं. वर फोटो असतो, त्यात बारीक अक्षरांत भाऊजींचं आणि ताईचं ते लिहिलेलं. खाली एका ओळीच्या जागी येतं, ‘नोंद मिळत नाही. वेबसाइट पुन्हा जोडायची का?’ आणि एक बटण. भाऊजी अजून त्या वेळेला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात. ताई मेल उघडते, फोटो बघते आणि फोन पालथा ठेवते. ते बटण दाबलं की मोजणं पुन्हा सुरू होतं, हे मी तिला सांगून ठेवलेलं आहे.